साखरपुड्याला हिऱ्याचीच अंगठी हवी का?

वाचकाचा प्रश्न

पुण्यात नोकरी करणाऱ्या, तिशीतल्या एका वाचकाचे हे पत्र आहे. त्यांचे लग्न वधू-वर सूचक मंडळामार्फत ठरले असून तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा व्हायचा आहे. नियोजित वधू नाशिकला बँकेत नोकरी करते. गप्पांच्या ओघात ती एकदा म्हणाली, की साखरपुड्याला हिऱ्याची, एका खड्याची अंगठी मिळाली तर तिला आवडेल, अगदी लहानशी असली तरी चालेल, आणि लगेच पुढे म्हणाली, "पण तुला पटेल तसं कर." पत्र लिहिणाऱ्या या वाचकांना ही कल्पना पटलेली नाही. हिऱ्याचा प्रेमाशी संबंध एका परदेशी कंपनीच्या जाहिरातींनी जोडला, खाणींमागे रक्तपात आहे आणि विकायला गेले तर दिलेल्या पैशांतले फारसे हाती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आईच्या मते हिरा सगळ्यांनाच लाभत नाही, त्यापेक्षा सोन्याची घसघशीत अंगठी करावी. अंगठीसाठी बाजूला ठेवलेले दीड लाख रुपये, वडिलांच्या आणि त्यांच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटच्या कर्जात भरावेत, असे त्यांना स्वतःला वाटते. एका मित्राने वेगळाच मार्ग सुचवला आहे: प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा पाव किमतीत घ्यावा आणि त्याविषयी काही बोलू नये, कारण कोणाला काही कळत नाही. "ती पैशाला भुलणारी मुलगी नाही, हे मला माहीत आहे. मग प्रेमाची खूण म्हणून तिला हा दगडच का हवा?" असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

उत्तर

हिऱ्याविरुद्ध तुम्ही जी कारणे दिली आहेत, त्यांतले एकही उडवून लावण्यासारखे नाही. तरीही पत्र वाचून झाल्यावर मनात राहिले ते असे, की ही कारणे तुम्ही आईला सांगितलीत, मित्राला सांगितलीत, मला सविस्तर लिहून कळवलीत, आणि जिच्या बोटात अंगठी जायची आहे तिच्यापाशी मात्र त्यांतले एकही अजून काढलेले नाही. त्यामुळे आधी तुमच्या कारणांची शहानिशा करते आणि मग या राहून गेलेल्या बोलण्याकडे येते.

जाहिरातीचा आक्षेप तुमच्या पत्रात सर्वांत ठळक आहे आणि तो बराचसा बरोबर आहे. दक्षिण आफ्रिकेत १८६७ च्या सुमारास हिरे सापडले, पुढच्या चार-पाच वर्षांत किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या, आणि तोवर राजेरजवाड्यांपुरती असलेली ही वस्तू एकाएकी विपुल झाली. भाव कोसळणार हे उघड दिसत होते. तेव्हा सेसिल ऱ्होड्सने १८८८ मध्ये वेगवेगळ्या खाणी एका छत्राखाली आणून डी बिअर्स ही कंपनी उभी केली, आणि बाजारात किती माल सोडायचा याची चावी पुढे अनेक दशके त्या कंपनीच्या हाती राहिली. पुरवठा आवळून धरला तरी मागणी कोणीतरी निर्माण करायला हवी होती. १९३८ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या एन. डब्ल्यू. एयर या जाहिरातसंस्थेला ते काम दिले, आणि १९४७ मध्ये तिथे मजकूर लिहिणाऱ्या फ्रान्सेस गेरेटी यांनी हिरा चिरंतन असल्याचे सांगणारी चार शब्दांची ओळ लिहिली, जी पुढे 'हीरा है सदा के लिए' होऊन आपल्या टीव्हीवर आली. लग्नाच्या बाजारातली बहुधा सर्वांत यशस्वी ओळ लिहिणाऱ्या या बाई स्वतः अविवाहित राहिल्या, याची मला नेहमी गंमत वाटते. जपानचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. तिथल्या विवाहाच्या रीतिरिवाजांत हिऱ्याला स्थान नव्हते. १९६७ मध्ये जाहिरातींची मोहीम सुरू झाली तेव्हा पाच टक्क्यांहून कमी वधूंना हिऱ्याची अंगठी मिळत होती, आणि १९८१ पर्यंत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. नवरदेवाने अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा हा हिशेबही जाहिरातींनीच शिकवला. जपान्यांना तर तो तीन महिन्यांचा सांगण्यात आला.

एवढे सगळे मान्य करूनही, 'म्हणून ही खूण खोटी' या तुमच्या निष्कर्षापाशी मी थांबते. खूण कोणतीही घ्या, ती कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी सुरू केलेली असते. गृह्यसूत्रांतल्या, म्हणजे घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांतल्या, विवाहविधींत पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, सप्तपदी आहे, पण मंगळसूत्र बांधण्याचा विधी नाही. तो नंतर आला, आणि आज आपल्याकडे मंगळसूत्रावाचून लग्नाची कल्पनाही करवत नाही. साखरपुड्याचेच पाहा ना. दोन-तीन पिढ्यांमागे वराकडच्या मंडळींनी यायचे, मुलीची ओटी भरायची, साडी आणि साखर द्यायची, जमलेल्यांचे तोंड गोड करायचे, की झाले लग्न पक्के. दोघांनी व्यासपीठावर उभे राहून एकमेकांच्या बोटात अंगठ्या घालायच्या आणि फोटोग्राफरने "अजून एकदा, इकडे बघून" असे म्हणायचे, ही रीत बहुतेक घरांत अलीकडची आहे. अंगठ्यांची ही देवघेव तुम्ही बिनतक्रार स्वीकारली आहे. अडला आहात ते फक्त खड्यापाशी, म्हणजे नेमके जिथे तिने स्वतःहून काहीतरी मागितले तिथे. या जुळणीकडे तुम्हीच एकदा नीट पाहावे.

शिवाय हिरा हा मुळात परदेशी मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगातले जवळजवळ सगळे हिरे हिंदुस्थानातून जात होते, आणि त्यांतला नामांकित माल कृष्णेच्या खोऱ्यातला होता; वाईच्या घाटांवरून आणि सांगलीवरून वाहत जाणारी हीच कृष्णा पुढे आंध्रात ज्या कोल्लूरच्या खाणींजवळून जाते, तिथला हिरा गोवळकोंड्याच्या बाजारातून जगभर पोचायचा. हिऱ्याच्या कुड्या, हिऱ्याची चमकी हे दागिने आपल्याकडच्या सुखवस्तू घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते. फरक अर्थाचा होता. हिरा घराण्याची ऐपत सांगायचा, नाहीतर पत्रिकेतल्या शुक्रासाठी घातला जायचा. दोन माणसांमधल्या निष्ठेविषयी तो काही बोलत नव्हता. उलट सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत असे नोंदवले आहे, की पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा मुळीच घालू नये असे काही जाणकारांचे मत आहे. आणि लगोलग, अमुक आकारांचे हिरे अशा स्त्रियांना शुभ असतात, असेही सांगून ठेवले आहे. जाणकारांत तेव्हाही एकवाक्यता नव्हती.

तुमच्या आईंचे 'लाभत नाही' हे अशाच जुन्या समजुतींच्या कुळातले आहे. खडा काही दिवस उशाखाली ठेवून पाहायचा आणि वाईट स्वप्ने पडली तर सराफाला परत करायचा, असे करणारी माणसे अजूनही आहेत. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण लग्नाच्या तोंडावर आईशी यावरून वाद घालावा असे मी सुचवणार नाही. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकलेत तर त्यात श्रद्धेबरोबर मोडीचा हिशेबही ऐकू येईल: सोने अडीअडचणीला उभे राहते, हिरा राहत नाही. ज्या पिढीने पाटल्या गहाण ठेवून मुलांच्या फिया भरल्या आहेत, त्या पिढीने हे म्हणावे यात काही गैर नाही.

आणि तो हिशेब खराही आहे. सोन्याला रोजचा भाव असतो, तो कोणत्याही पेढीवर थोड्याफार फरकाने सारखाच मिळतो. हिऱ्याला असा एक भाव नसतो. वजन, रंग, आतली स्वच्छता आणि पैलू कसे पाडले आहेत यांवर प्रत्येक खड्याची किंमत वेगळी ठरते. शिवाय दुकानातल्या किमतीत दुकानदाराचा नफा, घडणावळ आणि कर मिसळलेले असतात, त्यांतले परत काहीच येत नाही. स्वतःच विकलेला हिरा काही पेढ्या ठरावीक टक्के कापून परत घेतात, दुसऱ्याचा घेताना पुष्कळ हात आखडतात. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या बाबतीत तर किमती गेली काही वर्षे उतरतच आहेत. डी बिअर्सने २०१८ मध्ये स्वतः असे हिरे कॅरेटला (हे हिऱ्याच्या वजनाचे माप) आठशे डॉलर या दराने विकायला काढले होते, आणि २०२५ मध्ये ते दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा हिरा ही गुंतवणूक आहे असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण तुमच्या नियोजित वधूने गुंतवणूक मागितलेलीच नाही. लग्नातला शालू कोणी मोडीला नेत नाही, आणि तो घेताना त्याचा परतावाही कोणी काढत नाही. अंगठीच्या वेळी मात्र तुम्ही तो काढत आहात.

रक्तपाताचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळते. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात जे यादवी युद्ध झाले त्यात बंडखोरांचा पैसा हिऱ्यांतून येत होता. अंगोलातही तेच घडले. त्यावर उपाय म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया नावाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांची पद्धत सुरू झाली. तिची अडचण अशी, की ज्या कच्च्या हिऱ्यांतून बंडखोर एखाद्या मान्य सरकारविरुद्ध युद्ध चालवतात, तेवढेच तिच्या व्याख्येत बसतात. झिंबाब्वेत मरांगेच्या हिरेक्षेत्रात २००८ मध्ये खुद्द सरकारी सैनिकांनी माणसे मारली, ते या व्याख्येत बसले नाही. तेव्हा 'आमचा माल संघर्षमुक्त आहे' हे दुकानातले वाक्य खोटे नसले तरी त्याचा अर्थ वाटतो त्याहून बराच लहान आहे. दुसऱ्या बाजूला बोट्स्वाना आहे. हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले, आणि खाणकंपनीत सरकारचा निम्मा वाटा राहिल्यामुळे त्या पैशातून देशात शाळा, रस्ते आणि दवाखाने झाले. जगातले दहांपैकी सुमारे नऊ हिरे, संख्येने मोजले तर, भारतात घासले जातात, आणि त्यांतले बहुतेक सुरत आणि तिच्या आसपास. एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकतीभोवती, बसून चार-पाच कारागीर दिवसभर डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढ्या खड्यावर पैलू पाडत असतात, मजुरी बहुधा नगावर मिळते, आणि अमेरिकेत मागणी घटली की पहिला फटका त्यांना बसतो. हिरा नाकारून तुम्ही कोणाला वाचवता आणि कोणाचा घास काढता, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही.

आणि मग मला विचारावेसे वाटते, की हाच प्रश्न तुम्ही सोन्याला विचारलात का? माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जो पारा मिसळतो, त्याचा सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावर चालणाऱ्या सोन्याच्या खाणींतून येतो, आणि तिथले मजूर तो पारा उघड्या हातांनी हाताळतात. तुमच्या तत्त्वाला मी ढोंग म्हणणार नाही. ते फक्त एकाच वस्तूला लावले गेले आहे, आणि ती वस्तू नेमकी दुसऱ्याने मागितलेली आहे, एवढेच दाखवून देते.

तुम्हाला बोचेल अशी एक गोष्ट आता लिहायला हवी. दीड लाख वाचवून तुम्ही ते फ्लॅटच्या कर्जात भरणार आहात, आणि तुमच्याच शब्दांत तो फ्लॅट वडिलांच्या आणि तुमच्या नावावर आहे. तुमचा हेतू चांगला असणार; घर शेवटी दोघांचेच, असे तुम्ही म्हणाल. पण कागदावर काय होते ते पाहा. जी वस्तू तिच्या एकटीच्या मालकीची झाली असती, तिच्याऐवजी ते पैसे अशा मालमत्तेत जातात जिच्यावर तिचे नाव नाही. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर स्त्रीला मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन असते आणि त्यावर संपूर्ण हक्क तिचाच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट करून ठेवले आहे. फ्लॅटला हे लागू होत नाही. पैसा कारणी लावायचा हाच तुमचा खरा आग्रह असेल, तर तो तिच्या नावावर कारणी लावण्याचा विचार पत्रात कुठे दिसला असता तर मला बरे वाटले असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: तिला हा दगडच का हवा? मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही तिला विचारलेले नाही. पण काही शक्यता आपल्या घरांकडे पाहून सुचतात. आपल्याकडच्या लग्नात नवऱ्या मुलीच्या अंगावर जे दागिने चढतात, त्यांतले तिने स्वतः निवडलेले किती असतात? मंगळसूत्राची घडण सासूबाई ठरवतात, पाटल्या-बांगड्या आईने आधीच करून ठेवलेल्या असतात, ठुशी आजीची असते, आणि लग्नाच्या आठवड्यानंतर हे सगळे बँकेच्या लॉकरमध्ये जाते. सोन्याचा तोळा लाखावर गेलेला असताना ते लोकलमध्ये किंवा बसमध्ये घालून फिरण्याची सोयही राहिलेली नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीला रोज घालता येईल, डोळ्यांत फार भरणार नाही आणि आपण स्वतः मागून घेतलेली असेल, अशी एक वस्तू हवीशी वाटली तर त्यात जाहिरातीचा वाटा असेलच, पण तेवढेच नसेल. कदाचित बहिणीला किंवा मैत्रिणीला मिळाली म्हणूनही हवी असेल. तेही माणसासारखेच आहे.

मला तिच्या मागणीपेक्षा तिचे दुसरे वाक्य महत्त्वाचे वाटते: "तुला पटेल तसं कर." असे वाक्य आपल्याकडच्या मुली फार लवकर शिकतात. मागायचे, आणि समोरच्याच्या कपाळावर आठी यायच्या आत माघार घ्यायची. त्या वाक्याचा सोयीस्कर अर्थ लावून तुम्ही मोकळे झालात, तर पुढच्या आयुष्यात ती मागणेच कमी करत जाईल.

मित्राच्या सल्ल्याविषयी मला फार लिहायचे नाही, पण जे लिहायचे ते ठामपणे लिहिते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा खराच हिरा असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये तो प्रचंड दाब आणि उष्णता वापरून तयार केला. आज बंद भट्टीत मिथेन वायूतून कार्बनचा थरावर थर चढवूनही तो काही आठवड्यांत वाढवतात. रचना तीच, कठीणपणा तोच, नुसत्या भिंगातून सराफालाही फरक सांगता येत नाही. बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तो वेगळा पदार्थ, त्याची आणि याची गल्लत करू नका. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. त्यामुळे असा हिरा देण्यात कमीपणा काहीच नाही. फार तर एवढेच विचारावे, की भट्टीची वीज कोळशाची आहे की सौरऊर्जेची, कारण 'पर्यावरणस्नेही' ही पाटी सगळ्याच हिऱ्यांवर सारखी खरी ठरत नाही. मात्र तो न सांगता द्यायचा, ही गोष्ट वेगळी. कोणाला कळत नाही हेही खरे नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळांची यंत्रे हा फरक ओळखतात, आता बऱ्याच मोठ्या पेढ्यांकडेही ती आहेत, आणि कधीतरी अंगठी सैल करायला किंवा खडा घट्ट बसवायला ती पेढीवर जाणारच. पण समजा, तिला कधीच कळले नाही. तुम्हाला कळत राहील. कोणी तिच्या अंगठीचे कौतुक केले की तुम्ही विषय बदलाल. ज्या दिवशी एकमेकांवर भरवसा ठेवायचा असे चारचौघांत ठरते, त्या दिवसाची सुरुवात अशी करू नये.

मग हिरा ही प्रेमाची योग्य खूण आहे की नाही? ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही तो खरा हिरा, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्याच्या आधारावर निष्ठेच्या गोष्टी रचल्या जातात. प्रत्यक्षात हिरा कठीण असतो, म्हणजे त्यावर दुसऱ्या कशानेही सहज ओरखडा उठत नाही; पण ठरावीक दिशेने घाव बसला तर त्याचे सरळ दोन तुकडे होतात, आणि पुरेशा उष्णतेत तो कोळशासारखा जळूनही जातो. त्यामुळे दगडाच्या गुणांवरून प्रेमाचा अंदाज बांधण्यात मला अर्थ दिसत नाही. अर्थ देणारी आणि घेणारी माणसे भरतात. दोघांनी समजून-उमजून स्वीकारला तर लहानसा हिरा पुरेसा आहे, आणि नको असे दोघांनी ठरवले तर चांदीचे साधे वळेही पुरेसे आहे. खूण बिघडते ती तिचे माप होते तेव्हा. "तिच्या जावेला अर्ध्या कॅरेटचा दिला, मग हिला पाव कॅरेटचा का?" असे कोणी म्हणू लागले, की तिथे प्रेमाचा विषय संपून देण्याघेण्याचा सुरू होतो. ज्या वाचक मुली 'त्याने हिरा दिला नाही, म्हणजे त्याला माझी किंमत नाही का?' असा प्रश्न घेऊन हे सदर वाचत असतील, त्यांनी त्याच्या खिशाकडे आणि वागण्याकडे पाहावे. आई आजारी असताना तो दवाखान्यात थांबला होता का, हे अंगठीपेक्षा जास्त सांगून जाते. आणि ज्यांच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत कॅरेटचा आकडा सांगितला जात असेल, त्यांनी तो मुलीच्या बाजूने आला आहे म्हणून हसून सोडून देऊ नये. हुंड्याचा कायदा दोन्ही बाजूंना लागू आहे.

तुम्ही काय करावे? आधी तिच्याशी बोला, आणि बोलताना तुमच्या वाचनाचा तास घेऊ नका. जपानची टक्केवारी तिला ऐकवण्याआधी, 'तू अंगठीविषयी म्हणाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. तुझ्या मनात नेमके काय आहे?' असे विचारा आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. त्यानंतर तुमची शंका आणि तुमचा आकडा दोन्ही मोकळेपणाने सांगा. दीड लाख हा तुमचा आकडा आहे, तर तोच कमाल समजा. साखरपुड्याच्या अंगठीसाठी हप्ते बांधून घेणे मला कोणत्याही परिस्थितीत शहाणपणाचे वाटत नाही. एवढ्या पैशात खाणीतला लहान हिरा येतो, प्रयोगशाळेतला बराच मोठा येतो. तिसरा पर्याय बहुतेकांना सुचत नाही: तुमच्या किंवा तिच्या घरी आजीची मोडलेली कुडी किंवा एखादी चमकी पडून असेल, तर तिच्यातला हिरा काढून नव्या कोंदणात बसवता येतो. त्यासाठी नवी खाण खणावी लागत नाही, आणि आजीचा हिरा घरात नांदलेला असल्यामुळे 'लाभत नाही' हा मुद्दाही बहुधा आईच मागे घेतील. मात्र दुसऱ्याच्या आजीच्या दागिन्याला हात लावण्याआधी त्या घरातल्या सगळ्यांना विचारा, नाहीतर एका अंगठीपायी दोन जावांमध्ये वर्षभर अबोला धरला जायचा.

हे सगळे ऐकून तिने 'मला हिराच हवा, आणि खाणीतलाच हवा' असे म्हटले, तर बसेल तेवढ्या पैशात तो घ्या आणि पुन्हा त्यावरून टोमणा मारू नका. आणि 'राहू दे, मला सोन्याची चालेल' असे ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, पुन्हा विचारा.

खरेदीला दोघांनी मिळून जा. एका खड्याचा हिरा घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा, त्यावर हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेतला हे स्पष्ट लिहिलेले असते. बऱ्याच खड्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचाच क्रमांक लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहा. अंगठीवरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांची खूण फक्त सोन्याची शुद्धता सांगतात, हिऱ्याविषयी काही सांगत नाहीत, हे लक्षात ठेवा. हिऱ्याच्या अंगठीचे सोने बहुधा अठरा कॅरेटचे असते, तेव्हा बावीस कॅरेटचा भाव लावला नाही ना, आणि खड्याचे वजन सोन्याच्या वजनातून वजा केले आहे ना, हे बिलात पाहा. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट तोंडी ऐकून न घेता बिलावर लिहून घ्या. खडा उंच उचलून बसवलेली अंगठी फोटोत छान दिसते, पण नोटा मोजताना आणि ओढणीत अडकते. रोज घालायची असेल तर खडा खाली बसवून चारही बाजूंनी पट्टीने धरलेला बरा. आणि तुमच्या बोटात ती कोणती अंगठी घालणार आहे, तिचा खर्च कोण करणार आहे, हेही याच वेळी बोलून घ्या. पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता.

मापाने अंगठी घडवून घ्यायला पेढ्या तीन-चार आठवडे मागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीत. तेव्हा येत्या सुट्टीला नाशिकला जाऊन या. हे बोलणे फोनवर करू नका.